गालफुगी

"कोणाची गाय आहे रे?" दारातूनच डॉक्टर मुळ्यांनी विचारलं.

संपत इतका दचकला, की त्याचं कपाळ दुर्बिणीच्या नळीवर आपटलं. दुपारची वेळ होती. गुरं घेऊन येणारी माणसं सकाळीच येऊन गेली होती आणि दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर बदनापूरला मीटिंगला गेले की दिवेलागणीशिवाय परतत नाहीत, म्हणून तर त्याने आजचा दिवस धरला होता. आणि नेमकी आजच मीटिंग रद्द व्हावी! दाराची कडी मोडलेली होती, तीही त्याच्याच आळसामुळे बसवायची राहून गेली होती.

"गाय न्हाई, साहेब."

"मग काचेवर काय घेतलंस?"

संपतने मान खाली घातली. डॉक्टर मुळे म्हणजे सगळी हयात गुरांच्या शेपटीमागे उभा राहिलेला माणूस. त्यांना कशाची लाज नव्हती आणि कशाची किळसही नव्हती. त्यांनी संपतच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि समजायचं ते समजले. "सरक," म्हणाले आणि स्टुलावर बसले.

धामणवाडीच्या त्या गुरांच्या दवाखान्यात संपत ड्रेसर होता. गाय धरायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि गाय माजावर आली की डॉक्टरांना रेतनाची कांडी काढून द्यायची. कांडीतला माल जिवंत आहे की वाया गेलाय, हे डॉक्टर अधूनमधून एक थेंब काचेवर घेऊन बघत. त्यांनीच हौसेने संपतला बघायला शिकवलं होतं. ते त्याला मायक्रोस्कोप म्हणत, संपत आणि सगळं गाव दुर्बीण म्हणे. वारुळावर पाय पडल्यावर मुंग्यांची होते तशी वळवळ दिसली, की कांडी चांगली.

आज काचेवर वळवळ नव्हती. काही मरून पडलंय असंही नव्हतं. काहीच नव्हतं. संपतने काच पुसून, बदलून, पुन्हा थेंब घेऊन पाहिलं होतं, तरी सारवून ठेवलेल्या अंगणासारखं सगळं मोकळं.

डॉक्टरांनी बराच वेळ नळीला डोळा लावला, काच इकडून तिकडे सरकवली, स्क्रू फिरवला. मग चष्मा परत चढवला.

"बायकोला दाखवलं होतंस ना?"

"लई ठिकाणी दाखवलं." आणि संपत भडाभडा बोलू लागला. बेबीनंदाला जालन्याला नेऊन पिशवी साफ करून आणली, एकदा नाही, दोनदा. देवऋष्याने सांगितलं म्हणून तिने ओल्या लुगड्याने मारुतीला फेऱ्या घातल्या आणि न्यूमोनियाने अंथरूण धरलं. कोणी सांगितलेला कसला तरी पाला वाटून प्यायली, तर तोंडाची चव जी गेली ती गेलीच. डोहाळजेवण असलं की शेजारणी तिला बोलवत नाहीत, आणि बोलावलं तर ताटं वाढायला बसवतात, ओटीला हात लावू देत नाहीत. लग्नाला सात वर्षं झाली. आता मायने पक्कं ठरवलंय. येत्या रविवारी बेबीनंदाच्या भावाला बोलावलंय, चुलत्याला मध्ये घेतलंय, फारकत करायची आणि दुसरी आणायची. "म्हणून म्हणलं साहेब, तिला घालवायच्या आधी एकदा आपलंबी बघावं."

"सात वर्षांनी सुचलं तुला?"

"कोणी म्हणलंच न्हाई. जालन्याच्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणल्या व्हत्या, नवऱ्यालाबी घेऊन या. तर माय म्हणली, माझ्या पोराला काय धाड भरलीय?"

डॉक्टरांनी हात धुतले आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, "लहानपणी गालफुगी झाली होती का रे तुला?"

"लहानपणी न्हाई. लग्नात झाल्ती."

"लग्नात?"

"हळदीच्या दिशी."

डॉक्टर वळून त्याच्याकडे बघतच राहिले.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, संपतची नोकरीही नवी होती, आणि सरकारी नोकरीचा पोरगा म्हणून पै-पाहुण्यांमध्ये त्याचा भाव एकदम वधारला होता. लग्न ठरल्याबरोबर गडंगनेरं सुरू झाली. म्हणजे रोज एका नातलगाच्या घरी नवरदेवाने जेवायला जायचं, पुरणपोळी तुपात बुडवून खायची, टोपी-टॉवेल घेऊन यायचं. मामाच्या घरी गेला, तेव्हा मामाच्या धाकट्या पोराचा एक गाल टम्म सुजलेला. त्याला बिब्ब्यासारखा काळा लेप लावलेला. ते पोर लाडालाडाने येऊन संपतच्या मांडीत बसलं आणि त्याच्याच ताटातून जेवलं. संपतने त्याला बाजूला करायला हात लावला, तर मामी म्हणाली, "बसू द्या हो. नवरदेवाच्या ताटात लेकरू जेवलं म्हणजे शकुन असतो. घर लेकराबाळांनी भरतं."

भरलं घर! पुढे दोन-अडीच आठवड्यांनी, अंगाला हळद लागली आणि त्याच संध्याकाळी संपतचे दोन्ही गाल कानापर्यंत चढले. ताप असा, की हळद अंगावर वाळून तडकली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, गडंगनेरं जास्त झाली म्हणत होत्या. एक मित्र म्हणाला, याला बदनापूरच्या डॉक्टरला दाखवून आणू, जाऊन येऊन तासाभराचं काम. पण सगुणाबाई, म्हणजे संपतची माय, दारात आडवी झाली. हळद लागलेल्या पोराने वेस ओलांडायची नसते. त्याला बाहेरचं लागतं, पिशाच्च धरतं, काय न् काय. हातात कट्यार दिली होती ती खाली ठेवू दिली नाही आणि पोराला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. डॉक्टर गावात आणावा, हे त्या लग्नाच्या गर्दीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. गालफुगी तर होती, ती कोणाला होत नाही?

लग्न तीन दिवसांवर होतं. त्या दिवसापर्यंत गाल बरेच उतरले आणि दुखणं खाली गेलं. हे मात्र संपत सांगणार कोणाला? घरभर बायका. बाप लहानपणीच गेलेला. चालताना जीव जात होता, आणि परण्याला, म्हणजे वाजतगाजत मारुतीला जाताना, नवरदेवाला घोड्यावर बसवायचं! घोडं वाजंत्र्याबरोबर नाचत होतं आणि वर संपतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कोणीतरी ओरडलं, "अरे, नवरदेव रडून राह्यला! सासरी जाऊन राह्यला का काय?" सगळी वरात हसली. बेबीनंदाने अंतरपाटापलीकडून पहिल्यांदा पाहिला तो असा रडका, सुजका नवरा. पुढे ती त्यावरून त्याला चिडवत असे, आणि तो दाखवण्यापुरता रागवत असे.

"नंतर खाली बारीक झाल्यासारखं वाटलं नाही तुला?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाटलं. मला वाटलं, लग्न झाल्यावर तसंच व्हत असंल."

डॉक्टरांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "हे बघ, तो विषाणू असतो. पोरांना गालापुरता. मोठ्या माणसाला झाला की कधी कधी खाली उतरतो, सूज येते, आतलं जळून जातं. सगळ्यांचं तसं होत नाही, बहुतेक बरे होतात. एका बाजूला आली तरी निभतं. तुझी दोन्हीकडे आली." मग हात पुसत म्हणाले, "पण मी गुरांचा डॉक्टर आहे, बाबा. जालन्याला जाऊन माणसांच्या डॉक्टरकडे तपासून घे. माझ्या शब्दावर संसार मोडू नको आणि जोडूही नको."

संपत दुसऱ्याच दिवशी रजा टाकून जालन्याला गेला. मस्तगड भागातल्या एका माडीवर तपासणी होत होती. तिथल्या पोऱ्याने सगळ्यांसमोर बाटली हातात देऊन संडासाकडे बोट दाखवलं, आणि बाकावर बसलेल्या बाया दुसरीकडे बघायला लागल्या. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त इंग्रजी शब्द जास्त घालून. औषध काही नाही म्हणाले. संपत स्टँडवर आला आणि एक बस सोडून दिली, मग दुसरीही सोडून दिली. त्याला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं, तर त्याला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. आता बेबीनंदाला कोणी घालवू शकत नव्हतं. दोष तिच्यात नव्हताच, तर फारकत कशाची? एवढं लख्ख कारण हातात आल्यावर माय तरी काय बोलणार, चुलते तरी काय बोलणार? गावात हसं होईल, होऊ दे. माणूस दोन दिवस हसतो.

बायकोवर त्याचा जीव होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, तसं बोलायची त्या घरात रीत नव्हती. पण तिच्या हातची भाकरी सोडून दुसरीकडे त्याचं पोट भरत नसे, आणि दवाखान्यात दिवसभर जे घडे ते तिला सांगितल्याशिवाय दिवस संपला असं त्याला वाटत नसे.

शनिवारी सकाळी सगुणाबाई देवळात गेली, तेव्हा त्याने चुलीपाशी बसून बेबीनंदाला सगळं सांगितलं. दुर्बिणीचं सांगितलं, मस्तगडचं सांगितलं, मामाच्या पोराचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिने उलथनं उचललं नाही.

"मंग माझ्यात काही न्हाई?" तिने विचारलं.

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई. तुझं सगळं बराबर आहे."

बेबीनंदाने पिठाचे हात तसेच तोंडाला लावले आणि ती रडली. हुंदके देऊन, अंग हलवून रडली. सात वर्षांत तिला असं रडताना त्याने पाहिलं नव्हतं. सासू बोलायची तेव्हासुद्धा ती नुसती ओठ दाबून घ्यायची. संपतला भरून आलं. त्याला वाटलं, आपल्यासाठी रडतेय. आपलं असं झालं म्हणून तिचा जीव तुटतोय. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "रडू नको. उद्या मी सगळ्यांम्होरं सांगतो. तुला कोणी हात लावायचा न्हाई."

करपलेली भाकरी काढून तिने गाईला टाकली आणि नव्याने पीठ मळायला घेतलं.

रविवारी ओसरीवर घोंगडी अंथरली. चुलते रखमाजीतात्या खांबाला टेकून बसले. गावातले कोणाचेही तंटे ते तोडत, आणि तंटा तोडण्याआधी दोनदा चहा पीत. बेबीनंदाचा मोठा भाऊ कारभारी अंबडकडून पहाटेच्या गाडीने आला होता. बिचारा चोरासारखा बसला होता. वांझ बहिणीचा भाऊ, त्याने कोणत्या तोंडाने बोलावं? आल्या आल्या त्याने सगुणाबाईच्या पाया पडून घेतलं होतं आणि तिने पाय मागे ओढले होते. सगुणाबाई भिंतीला पाठ लावून, आणि बेबीनंदा माजघराच्या दारात, डोक्यावर पदर घेऊन उभी.

"आमचं काही वाकडं न्हाई," सगुणाबाईने सुरुवात केली. "पोरगी कामाची आहे, तोंडाची वाईट न्हाई. पण माझा एकुलता एक पोरगा. माझ्या घराला दिवा नको का? सात वर्षं काही कमी हाय का? घेऊन जावा तिला अन् आम्हाला मोकळं करा."

कारभारी घोंगडीच्या दशा ओढत म्हणाला, "आत्याबाई, अजून एक वरीस बघा. आमच्याकडं एक वैदू…"

"थांबा," संपत म्हणाला. "वैदू नको न् काही नको. दोष तिच्यात न्हाई. माझ्यात हाय. मी तपासून आलो."

मग त्याने एका दमात सांगून टाकलं. हळदीच्या वेळची गालफुगी, ती खाली उतरली, आतलं जळालं, जालन्याच्या डॉक्टरने सांगितलं, औषध नाही.

सगळ्यात आधी रखमाजीतात्या हसले. अगदी मनापासून, पोट धरून. "गालफुगी? अरे येड्या, गाल कुठं, अन् ते कुठं! मला झाल्ती, तुझ्या बापाला झाल्ती, ह्या गावात कोणाला न्हाई झाली? गाव ओस पडलंय का?"

"आमच्या डॉक्टरसाहेबांनीबी सांगितलं, तात्या."

"कोणत्या? गुरांच्या?" तात्यांना पुन्हा हसू फुटलं.

सगुणाबाई मात्र हसली नाही. ती उठून उभी राहिली आणि माजघराच्या दाराकडे हात करून ओरडली, "काय चारलं गं माझ्या पोराला? सांग, काय चारलंस? चांगला धडधाकट पोरगा, पोत्याला पोतं उचलतो, त्याच्या तोंडून असं वदवून घेतीस? चार माणसांत सोताला नामर्द म्हणायला लावतीस?"

"माय, तिनं काही…"

"तू गप! तुला काही कळत न्हाई. तिला जायचं न्हाई म्हणून तुझ्यावर घेऊन राह्यलास तू."

आता याला काय म्हणावं? खरं बोलला तर कोणी ऐकेना. पण ऐकणारा एक होता. कारभारीने घोंगडीच्या दशा सोडल्या होत्या. तो हळूच ताठ झाला, मांडी बदलली, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याने सगुणाबाईच्या डोळ्याला डोळा दिला.

"दाजी, शपथ घ्या," तो म्हणाला.

"कोणाचीबी घेतो. तिची घेतो."

"मंग आमची पोरगी चांगली हाय."

"चांगलीच हाय. मी तेच म्हणून राह्यलो."

"मंग तिचं सात वर्षं वाटोळं काहून केलं?" कारभारीचा आवाज चढला. "आम्ही गावात मान खाली घालून फिरलो. आमचा बाप खंगून मेला, पोरगी वांझ निघाली म्हणून. आता फारकत तुम्ही कशाला मागता? आम्हीच मागतो. अजून पंचविशीत हाय ती. आमच्यात पाट लागतो. चांगला बिजवर बघून देऊ."

हे मात्र संपतच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की ती राहील. तिला नेण्याचंच कारण आपण तिच्या भावाच्या हातात दिलंय, हे त्याला आता, भर ओसरीवर, कळलं. तो गडबडीने तात्यांकडे वळला. "तिला विचारा ना, तात्या. तिला कोणी विचारलंच न्हाई. तिला कुठं जायचंय?"

त्याची खात्री होती. अगदी शंभर टक्के खात्री. कालचं तिचं रडणं त्याच्या हाताला अजून जाणवत होतं.

रखमाजीतात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. बायकांना काही विचारायची त्यांना सवय नव्हती, पण मजा म्हणून असेल किंवा न्याय म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "बोल गं पोरी. तुझं काय म्हणणं हाय?"

बेबीनंदाने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"मला लेकरू पायजे," ती म्हणाली.

सगुणाबाईने आ वासला.

"यांचं काही वाईट न्हाई," बेबीनंदा जमिनीकडे बघत म्हणाली. "सात वर्षांत माझ्यावर हात उचलला न्हाई, शिवी दिली न्हाई. असा नवरा भेटायचा न्हाई, मला म्हाईत हाय. पण मी दुसऱ्याची लेकरं किती दिवस लांबून बघू? कोणी मांडीवर देत न्हाई. मला वाटायचं माझंच नशीब फुटकं, म्हणून गप व्हते. आता माझ्यात काही न्हाई म्हणतात. मंग मला पायजे."

संपत तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याला राग यायला हवा होता, आणि आलाही. आतून जाळ उठला. मी तुझ्यासाठी चार माणसांत लाज सोडली, आणि तू? पण तिने मागितलं ते काही जगावेगळं नव्हतं. सात वर्षं सगळं घर तिच्याकडे तेच मागत होतं.

बोलली ती सगुणाबाई. ज्या सुनेला घालवायला तिने सभा भरवली होती, तिच्याच नावाने तिने आता छाती बडवून घ्यायला सुरुवात केली. "बघा गं बाई, बघा! नवऱ्याला टाकून चालली! लाज हाय का हिला? लेकरू पायजे म्हणती, भर ओसरीवर! बाईची जात हाय का ही!"

"जाऊ द्या," संपत म्हणाला. "तात्या, लिहून घ्या. मी सही करतो."

अंबडला कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली फारकत लिहिली गेली. बेबीनंदाची पेटी संपतनेच गाडीच्या टपावर चढवली, कारण कारभारीला पाठीचं दुखणं होतं. खिडकीत बसल्यावर तिने त्याला सांगितलं, की तांबड्या गाईला संध्याकाळी कोमट पाणी लागतं, थंड दिलं तर ती पान्हा चोरते. मग कंडक्टरने दार आपटलं. एवढं सांगताना तिच्या आवाजाला काही झालं नाही, पण नंतर गाडी वळेपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली.

सगुणाबाईने महिनाभरही दम धरला नाही. सरकारी नोकरीच्या पोराला पोरींचा काय तोटा? ती या गावाला जा, त्या गावाला जा, लुगडं झटकून तयार. संपत नाही नाही म्हणायचा, आणि अगदीच रेटा आला की जायचा. पोहे खायचा, आणि पोरीच्या बापाला अंगणात बाजूला घेऊन सांगायचा, "मला लेकरू व्हायचं न्हाई. गालफुगीनं झालंय. तुम्ही विचार करा." बाप आधी हसायचे, मग त्यांची तोंडं उतरायची. दोन-तीन ठिकाणी असं झाल्यावर बातमी त्याच्याआधी गावोगाव पोचू लागली. तीही धड नाही. लेकरू होणार नाही एवढंच त्याने सांगितलं होतं, लोकांनी त्याला पार नामर्द करून टाकलं. दवाखान्यात गाय घेऊन आलेली तरणी पोरं, तो कांडी काढून देताना, एकमेकांना डोळे मारायची. "संपतदादा, तुमचा हात लागला म्हणून गाय उलटली तर?" गायी तर गाभण राहत होत्या. बऱ्याच राहत होत्या. डॉक्टर मुळे एकदा एका पोरावर हात उगारून धावले, तेव्हापासून समोर बोलणं थांबलं, मागे चालूच राहिलं.

एक सगुणाबाई तेवढी मानायला तयार नव्हती. गावात कोणी विषय काढला की ती ठासून सांगायची, "तीच वांझोटी व्हती. माझ्या पोराचं मन मोठं, म्हणून त्यानं सोतावर घेतलं." असं म्हणताना तिला अभिमान वाटायचा. संपतने तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं होतं.

असं करत दुसरं वर्ष सरत आलं. मधे बेबीनंदाचा पाट लागल्याचं संपतच्या कानावर आलं होतं. एका सकाळी दवाखान्याच्या दारात सायकल टेकवून कारभारी उभा राहिला. बदनापूरला पाहुण्यांकडे आलो होतो, म्हणाला. आधी गुरांचं बोलला, मग पावसापाण्याचं. उभ्या उभ्या हात चोळत राहिला. शेवटी पिशवीतून कागदात बांधलेला एक पेढा काढला.

"बेबीला पोरगी झाली," तो म्हणाला. "आमच्यात पोरीचे पेढे वाटीत न्हाईत. पण ती म्हणली, वाटायचेच. अन् म्हणली, दाजीला नेऊन दे." त्याने जीभ चावली. "दाजी म्हणायची सवय लागली बघा. राग मानू नका."

"राग कशाचा? कशी हाय?"

"चांगली हाय. पोरगी तिच्याच तोंडावर गेलीय."

संपतने पेढा कागदासकट शर्टाच्या खिशात ठेवला. दिवसभर तो खिशात होता. गाय धरताना मोडू नये म्हणून त्याने शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर काम केलं.

घरी आला, तेव्हा सगुणाबाई ओसरीवर बसून नव्या लुगड्याची घडी घालत होती. उद्या तिला परतूरकडे एक पोरगी बघायला जायचं होतं. तिने त्याच्या हातातला कागद पाहिला.

"कशाचा पेढा रे?"

"बेबीनंदाला लेकरू झालं."

"कोणाला?"

"बेबीनंदाला, माय. पोरगी झाली."

"पोरगीच ना…" सगुणाबाई सवयीने म्हणाली, आणि तिथेच थांबली. मांडीवरचं लुगडं तिने परत उलगडलं, परत घडी घालायला घेतली, आणि घडी जमेना.

"म्हणजे तिला व्हत व्हतं," ती म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे तू म्हणला ते…"

"व्हय, माय."

सगुणाबाईने इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या ओसरीवर कोणी आहे का ते पाहिलं, आणि मग त्याचा हात धरून, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "कोणाला सांगू नको रे बाबा. कोणालाच सांगू नको."

"मी सगळ्यांना सांगितलंय, माय," संपत म्हणाला. "दोन वर्षांपासून सांगून राह्यलो. तुझ्यासमोरच सांगितलं."

त्याने पेढा मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि अर्धा तिच्या तळहातावर ठेवला. मग गाईला पाणी तापवायला तो आत गेला. सगुणाबाई तळहात तसाच उघडा धरून, लुगडं मांडीवर पसरून, बसून राहिली.